आधी नगारा, मग मेंदू

बसवराजअप्पांच्या चुलतीची शोकसभा महादेवाच्या देवळात चालली होती आणि लाईट येऊ नये म्हणून वैभव त्याच महादेवाला विनवत होता. लाईट आली की कोपऱ्यातलं आरतीचं मशीन आपोआप वाजायचं. प्लग काढायला जावं तर रडणाऱ्या बायांना ओलांडावं लागणार. मशीनचा कोड त्यानंच लिहिलेला, आणि सोमवारी अप्पांच्या मुलीशी, स्वप्नाशी, त्याचा साखरपुडा.

त्याच्या पुण्याच्या कंपनीनं मशीनचा बोर्डच असा बनवला होता, की करंट आधी नगारा वाजवणाऱ्या मोटारीला पोचायचा आणि चिप मागून जागी व्हायची. मेंदू झोपेत, हात मोकाट. वैभवनं कोडच्या पहिल्याच ओळीत मोटार बंद करून ठेवली होती. पण ती ओळ वाचायला चिप जागी तर पाहिजे. पालम तालुक्यातल्या मरतुकड्या व्होल्टेजवर ती डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. कंपनीचा साहेब म्हणाला, "बोर्ड छापून झालेत. तू कोडमध्ये सांभाळ." चूक करणारा एसीत, शिव्या खाणारा देवळात. गावानं मात्र अजून तक्रार केली नव्हती, याचंच त्याला नवल वाटायचं.

"मल्लम्माकाकू गेल्या," सरपंच दत्तराव टोपी काढत म्हणाले, "अन् गाव पोरकं..."

लाईट आली.

नगारा, झांजा, घंटा एकदम कडाडल्या. सवयीनं अख्खी सभा उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. दत्तरावांनीही वाजवल्या, मग अप्पांचं तोंड बघून हात खिशात घातले. वैभवनं बायांना ओलांडून प्लग उपटला.

"जावईबापू," अप्पा हळूच म्हणाले, "काकू गेल्याचा लय आनंद झाला का तुमाला? हे थांबवा. न्हाईतर साखरपुडा थांबल."

नुसत्या कोडनं भागणार नव्हतं. चिपचा एक पाय, म्हणजे पिन, चिप जागी होईपर्यंत गप्प राहतो. वैभवनं मोटारीची तार त्याला जोडली आणि कोडही तसा बदलला. लाईट घालवली, आणली, पुन्हा घालवली. मशीन गप्प. शोकसभेनंतर तो पहिल्यांदा पोटभर जेवला.

सोमवारी सकाळीच दारात माणसं. पुढं मेंढरंवाला ग्यानबा, मागं अप्पा.

"मशीन कामून बंद केलं?" ग्यानबानं विचारलं.

"बंद न्हाई, दुरुस्त केलं."

"मंग शेतात लाईट आलेली कळावी कशी? नगारा वाजला की पाण्याच्या मोटारी चालू करायला पळतो आमी. लाईट येऊन चालली, हळद वाळायली."

वैभवनं अप्पांकडं पाहिलं.

"आमची बी वाळायली," अप्पा जमिनीकडं बघत म्हणाले.

"मग पहिल्यासारखं करू?"

"करा. लाईट आली की वाजलंच पाहिजे. फकस्त मयतीच्या टायमाला नको."

"अप्पा, गावात मयत झाली हे मशीनला कसं कळावं?"

"ते आमाला काय विचारायलाव?" अप्पांनी चपला घातल्या. "तुमी कोडात सांभाळा. मंग बघू साखरपुड्याचं."