चुलीपर्यंत आलेला कायदा

मला पाहून आनंद होणारा हॉटेलवाला मी आयुष्यात एकच पाहिला. कुंभकोणच्या नगरपालिकेत मी सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो आणि मद्रास सरकारचा आरोग्याचा नवा कायदा नुकताच लागू झाला होता. मी बाजारात शिरलो की कोणी दुधाची चरवी लपवायचा, कोणाला एकाएकी मेव्हणा आजारी असल्याचे आठवायचे. रघोत्तमराव मात्र गल्ल्यावरून उठून थेट रस्त्यावर यायचे आणि "वांगो सार, वांगो," म्हणत तमिळमधून असे स्वागत करायचे की जणू मी त्यांच्या घरी मुलगी बघायला आलो आहे.

कायदा त्यांना भलताच मानवला होता. पदार्थ झाकून ठेवा म्हटल्यावर त्यांनी काचेचे कपाट आणले आणि सराफाने दागिने मांडावेत तशा त्यात इडल्या मांडल्या. भांडी उकळत्या पाण्याने धुवा म्हटल्यावर ते सुट्टे पैसेसुद्धा चिंचेच्या पाण्याने धुऊन देऊ लागले. गिऱ्हाईक शिंकले की त्याची कॉफी बाहेर नेऊन रस्त्यावर द्यायची. कोणी कुरकुरले की पालुपद ठरलेले: "कायदा आहे की नाही?"

रघोत्तमराव आमच्यातलेच. तंजावरच्या मराठी राजांबरोबर जी घराणी खाली आली त्यांतल्या एकाचे. आमची मराठी उंबऱ्याच्या आत राहते. पायात वहाणा घातल्या की आम्ही तमिळ. रावांचे हॉटेल म्हणजे त्यांच्याच घराचा पुढचा भाग. बाहेर तमिळ हॉटेल, आत मराठी स्वयंपाकघर आणि दोहोंना मिळून चूल एकच. ती तपासायला मी आत गेलो की 'सार'चा एकदम 'बाबा' व्हायचा.

"या बाबा. आई बऱ्या आहेत कीं? डांगरांत हिंग घालतात कीं विसरल्या?"

उडदाच्या पिठाचे ते डांगर आमच्या घराघरांतले. त्यावरून गाडी शेजारच्या साक्कोट्टै गावच्या काकड्यांवर, तिथून कोणा काकूच्या भांडखोर सुनेवर जायची. पाऊण तास असा गेला की ते हळूच म्हणायचे, "आतां दोष पाहा."

आणि दोष सापडायचाच. पहिल्या खेपेस तांदळाच्या टोपलीत मांजर निजलेले. मांजर समोरच्या तेलवाल्याचे होते, त्याच्या गळ्यात सुतळी होती आणि चेहऱ्यावर पकडून आणल्याचा राग. दुसऱ्या खेपेस ताज्या चुन्याच्या भिंतीवर एकच जळमट, तेही उलटे चिकटवलेले. मी चिडून म्हणालो, "राव, बाहेर तर माशी यायला घाबरते. आतच हे कसे?"

"अस्की माझी चूक," ते आनंदाने म्हणाले. अस्की म्हणजे सगळी. "लिहा. दोष असला म्हणजे पुढल्या आठवड्यांत पुन्हां यावें लागतें ना?"

"यावे लागते. पण तिसऱ्यांदा दोष निघाला तर परवाना रद्द. दुकानाला कुलूप."

"सेरी," म्हणजे ठीक, असे म्हणून ते मांजर सोडायला गेले. जळमट माझ्या नजरेतून सुटलेच तर म्हणून त्यांनी ते पुन्हा आणून बांधून ठेवले होते; ते वाया गेले.

तिसऱ्या खेपेला जाताना दोष सापडू नये असे मलाच वाटत होते. त्या कॉफीवर माझा जीव होता, खोटे कशाला बोलू. पण आत पाहतो तर सगळे चकचकीत. मी सुस्कारा टाकला. "अस्की ठीक, राव. आता सहा महिने तुम्हाला त्रास नाही."

त्यांचे तोंड एवढेसे झाले. ते चुलीपाशी गेले आणि माझ्यादेखत दुधाच्या भांड्यावरचे झाकण काढून बाजूला ठेवले.

"झांकण नाहीं. लिहा."

मी झाकण ठेवले. त्यांनी काढले. मी पुन्हा ठेवले. दोन मोठी माणसे एका झाकणासाठी झोंबत असताना दूध उतू गेले आणि आचारी अय्यर दाराशी येऊन रामनाम म्हणू लागला.

"अहो, परवाना जाईल. खाल काय?" मी ओरडलो.

"जाऊं दे," ते म्हणाले आणि चुलीजवळच बसले. "माझी बायको गोदी गेल्यापासून ह्या घरांत मराठी बोलायास कोण आहे? भिंतीशीं बोललों तर हा अय्यर भितो. आपले लोक येतात, बाहेर कॉफी पितात, तमिळ बोलून जातात. अन्न विकणाऱ्याच्या चुलीकडे कोण येतो? तुम्ही आलात. तेंही कायद्यानें ढकललें म्हणून."

खरे होते ते. आमच्या आईनेसुद्धा बजावले होते: तपासायला जा, पण तिथे पान मांडून जेवू नकोस, अन्न विकतात ते. मला एकदम फार वाईट वाटले. ज्या कायद्याला सारा बाजार शिव्या देत होता, त्याची हा म्हातारा आठवडाभर वाट पाहत होता. मी 'दोष नाही' असे लिहिले, सही केली आणि बाहेर पडलो.

पुढच्या आठवड्यात त्याच वारी मी खाकी टोपी आणि तपासणीची वही घरी ठेवली आणि मागच्या बोळातून त्यांच्या परसदाराची कडी वाजवली.

"यारु?" आतून तमिळमध्ये प्रश्न आला.

"मी आहे," मी मराठीत म्हणालो.

आत काहीतरी घाईने झाकल्याचा आवाज आला. दार उघडले. त्यांनी माझे डोके पाहिले, मग रिकामे हात पाहिले.

"दोष काढावयास आलात?"

"नाही. जेवायला आलो."

त्यांनी दाराची चौकट धरली. मग नाक ओढत, पंच्याच्या टोकाने डोळे पुसत त्यांनी विहिरीकडे बोट दाखवले.

"पाय धुऊन ये. कायदा आहे कीं नाहीं?"