तात्यांच्या हातचं दार

एका जंगलात, जिथे अजून डांबरी रस्ता गेलेला नव्हता आणि म्हणून सगळे एकमेकांच्या घरी न विचारता जायचे, एक साळिंदर राहत होतं. साळिंदर ठाऊक आहे ना, मुलांनो? अंगभर काटे असलेला प्राणी. ठाऊक नसेल तर आईला विचारा. बाबांना विचारू नका, ते माहीत नसलं तरी सांगतात.

या साळिंदराला सगळं जंगल तात्या म्हणायचं. त्यांच्या बायकोचं नाव सगुणाबाई. दोघांचं कातळाच्या पोटात एक छान बीळ होतं. छान म्हणजे तात्यांनी दुरुस्त करायला घेईपर्यंत छान होतं.

तात्या हौशी होते. घरातलं कुठलंही काम बाहेरच्याला द्यायचं नाही, असा त्यांचा बाणा होता. खिळा सापडला नाही तर ते आपल्या पाठीवरचा एक काटा उपटायचे आणि तोच ठोकायचे. त्यामुळे घर जसजसं दुरुस्त होत गेलं, तसतसे तात्या बोडके होत गेले.

त्यांनी आंब्याच्या फळीचं दार बसवलं. ते उलटं बसलं. मग ते उघडायला एक युक्ती लागायची. डावा गुडघा खाली लावायचा, दार थोडं वर उचलायचं, "हं" म्हणायचं आणि ढकलायचं. पाहुणा आला की सगुणाबाई आतून ओरडायच्या, "जरा उचलून ढकला हो!" "हं" म्हटल्याशिवाय ते उघडत नसे. का, ते कोणालाच कळलं नाही.

छताला एक भेग होती. पाणी नेमकं सगुणाबाईंच्या अंथरुणावर पडायचं. तात्यांनी तिथे चिखल लिंपला, पळसाचं पान चिकटवलं, डिंक ओतला, वर दोन काटे ठोकले. गळती वाढली. मग त्यांनी खाली नारळाची करवंटी ठेवली, बायकोचं अंथरूण हातभर सरकवलं आणि जाहीर केलं, "थांबली गळती."

"अहो, थांबली कुठे? करवंटीत पडतेय ना!"

"तुझ्या अंगावर पडतेय का?"

"नाही."

"मग झालं तर. सध्या तात्पुरतं आहे. येत्या सोमवारी पक्कं करतो."

असे बत्तीस वर्षांचे सोमवार गेले. मधूनमधून सगुणाबाई म्हणायच्या, "अहो, त्या भिकाजी सुताराला बोलवू या का?" भिकाजी सुतार म्हणजे शेजारच्या सागावर राहणारा सुतारपक्षी. कामात चोख. पण त्याचं नाव काढलं की तात्यांचे उरलेसुरले काटे उभे राहायचे.

"घरात मी धडधाकट असताना सुतार? लोक काय म्हणतील?"

लोक काही म्हणत नव्हते. लोक गुडघे चोळत घरी जात होते.

मग एके दिवशी तात्या गेले. म्हातारे झाले होते, झोपेतच गेले. सगुणाबाई फार रडल्या. खरं सांगतो मुलांनो, बत्तीस वर्षं ज्याच्याशी भांडलो तो गेला की घर नुसतं खायला उठतं. भांडायलाही कोणी उरत नाही. समाचाराला आलेल्या सशांना दार उघडता येईना, तेव्हा आतून सगुणाबाईंनी रडतरडतच सांगितलं, "उचलून ढकला हो!" आणि मग त्यांना आणखीच रडू आलं.

तेराव्याला मुलं आली. मुलगा दिगू अभयारण्यात असे. तिथे जीपगाड्या येतात, फोटो निघतात, मोठं नाव असतं. मुलगी कुमुद प्राणिसंग्रहालयात दिली होती. जावई तिथे कायम होते. दोन वेळचं आयतं जेवण, घरबसल्या डॉक्टर आणि चारी बाजूंनी जाळी. जाळीला कुमुद 'सिक्युरिटी' म्हणायची.

मुलं दीड दिवस राहणार होती. आईला वाटलं होतं, चार दिवस तरी राहतील. तेवढ्यात आईने बोलावलेला सुतार यायचा होता. पाऊस तोंडावर आला होता आणि एवढ्या वर्षांनी एक पावसाळा कोरड्यात झोपून काढावा, अशी त्यांची साधी इच्छा होती. तात्यांवर माया नव्हती असं नाही हो. पण मायेने छत गळायचं थांबत नाही.

भिकाजी सुतार सांगितलेल्या वेळेवर आला. हे तुम्हाला खरं वाटणार नाही, पण ही बोधकथा आहे, असं चालतं. त्याने दार पाहिलं, मान तिरकी केली आणि सगळे सुतार जे पहिलं वाक्य बोलतात तेच तो बोलला.

"कोणी केलंय हे?"

"तात्यांनी!" कुमुदने हंबरडा फोडला. "दादा, बघ रे! हे तात्यांचं दार काढायला आलेत!"

दिगू धावत आला. त्याने दारावर हात फिरवला. आत ठोकलेला काटा पाहिला आणि तो आईकडे वळला.

"आई, हा तात्यांच्या पाठीवरचा काटा आहे. हे दार नाही, हे तात्या आहेत."

"अरे, पण ते उघडत नाही."

"तात्या तरी कुठे मनमोकळे होते?" दिगू म्हणाला.

भिकाजीला दोघांनी परत पाठवलं. दिगूने दाराला लाल दोरा बांधला. कुमुदने वडाच्या पानावर 'हात लावू नये' असं लिहून करवंटीशेजारी ठेवलं. छताच्या भेगेला दोघांनी नमस्कार केला. "आई, काही म्हणजे काही बदलू नकोस हं. आलो की वाटलं पाहिजे, तात्या आत्ता सोमवारचं काही बोलतील," असं म्हणून दोघं निघाली. जाताना दिगूने गुडघा लावला, "हं" म्हटलं आणि डोळे पुसले.

या कुटुंबाचा एक पोपट होता. तो प्रत्येकाचा निरोप सगळ्यांना सांगायचा, मग कोणाला ऐकायचा असो नसो. रोज सकाळी तो उडत यायचा, "सुप्रभात" म्हणायचा, चोचीतलं एक फूल टाकायचा आणि दुसऱ्या घरी जायचा. सगुणाबाईंनी आजवर त्या फुलांचा ढीग साठवला होता. टाकवत नव्हता आणि उपयोगही नव्हता.

पाऊस सुरू झाला तसे पोपटाकरवी निरोप यायला लागले.

"दिगूने विचारलंय, गळती कशी आहे?"

"गळती छान आहे. मला खोकला झालाय, म्हणावं."

पोपट गेला आणि संध्याकाळी परत आला. "कुमुद म्हणाली, तात्यांनाही पावसाळ्यात खोकला असायचा. ऐकून फार आठवण आली."

जंगलातल्या प्राण्यांनाही कौतुक वाटायला लागलं. मुलं असावीत तर अशी, असं हरणं आपल्या पाडसांना सांगू लागली. कोणी कोणी दार बघायला यायचं. लाल दोऱ्याला हात जोडायचं आणि आईबापांवर प्रेम कसं करावं यावर दोन शब्द बोलून जायचं. सगुणाबाई ओल्या अंथरुणावर बसून ते ऐकायच्या.

आषाढाच्या शेवटी दार फुगलं. आंब्याची फळी ती, फुगणारच. एका सकाळी सगुणाबाईंनी आतून ओढलं तर ते जागचं हललं नाही. गुडघा लावला, "हं" म्हटलं, दहादा "हं" म्हटलं. काही नाही. तुमच्यातला एखादा शहाणा विचारेल, साळिंदर ना, मग खणून बाहेर का नाही पडली? मागे कातळ होता बाबा. आणि खोकून खोकून अंगात जोर राहिला नव्हता.

दिवस गेला. दुसरा दिवस उजाडला. घरातले कंद संपले. प्यायला तेवढं करवंटीतलं पाणी होतं.

फटीतून पोपट म्हणाला, "सुप्रभात."

"अरे मेल्या, मी अडकलेय! मुलांना सांग, दार उघडत नाही, पोटात अन्न नाही!"

पोपट तातडीने गेला. निरोपाच्या बाबतीत त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. दुपारी तो परत आला.

"दिगूने सांगितलंय, आई, घाबरू नकोस. शांत राहा. आणि फार जोर लावू नकोस, दाराला काही होईल."

सगुणाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "भिकाजीला बोलाव."

भिकाजी आला. दारापुढे उभा राहिला, पण चोच लावेना.

"काकू, तुमच्या दिगूने मला बजावलंय, हात लावायचा नाही. उद्या माझ्या नावाने बोंब होईल. मोठी भावनेची गोष्ट आहे."

"भिकाजी," आतून आवाज आला, "दार माझ्या नवऱ्याने लावलं. तो नवरा माझा होता. त्याच्या दारामागे उपाशी मेले तर वर भेटल्यावर तोच मला विचारेल, अगं, सुताराला का नाही बोलावलंस? आणि मग मी त्याला तिथेच सोडचिठ्ठी देईन. फोडा ते दार."

भिकाजीने फोडलं.

पुढच्या आठ दिवसांत त्याने नवं दार बसवलं. एका बोटाने उघडायचं. छताची भेग बुजवली. आतून बाहेरून लिंपून काढलं. काम झालं त्या रात्री सगुणाबाई कोरड्या अंथरुणावर झोपल्या, इतक्या गाढ की खोकायच्याही विसरल्या. सकाळी उठून त्यांनी दार उघडलं, तर ते आवाज न करता उघडलं. तेव्हा मात्र त्यांना तात्यांची फार आठवण आली. त्या उंबऱ्यावर बसून पोटभर रडल्या. मग उठल्या आणि न्याहारी केली. जुन्या दारातला एक काटा त्यांनी ठेवून घेतला होता, तो केसात खोचला. बाकीच्या फळीची चूल पेटवली. चांगली जळाली. तात्यांच्या हातचं पहिल्यांदाच काही तरी धड झालं, असं म्हणून त्या हसल्याही.

वर्षश्राद्धाला मुलं आली. दिगू पुढे होता. त्याने भक्तिभावाने गुडघा लावला, "हं" म्हटलं आणि ढकललं. दार सटकन उघडलं आणि दिगू सरळ आत चुलीपाशी जाऊन पडला.

"दार कुठाय?" तो पडल्या पडल्या ओरडला.

"आत्ता त्यातूनच आलास."

कुमुदने छत पाहिलं. "गळती पण नाही! आई, तू असं करूच कसं शकलीस? तात्या काय म्हणतील?"

आता सगुणाबाईंना सांगता आलं असतं, की मी दोन दिवस दाराआड अडकले होते, उपाशी होते. पण ते मुलांना ठाऊकच होतं. पोपटाने शब्दही गाळला नव्हता. तेव्हा त्या पदराला हात पुसत म्हणाल्या,

"तात्या स्वप्नात आले होते."

दिगूने उठून हात जोडले.

मुलांनो, तात्या खरंच आले होते का, ते मला विचारू नका. जिवंतपणी जो प्राणी सांगितलेल्या दिवशी कधी उगवला नाही, तो स्वप्नात कुठून येणार? पण सगुणाबाईंचा चेहरा अगदी गंभीर होता.

"काय म्हणाले?" दिगूने विचारलं.

"म्हणाले, सगुणा, माझा जीव त्या दारात अडकलाय. सुताराला बोलाव. तो दार काढेल तेव्हाच मी सुटेन."

"बघ दादा!" कुमुदच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "बरं झालं आई, तू लगेच ऐकलंस. त्यांची इच्छा म्हणजे आपल्याला आज्ञाच."

"शब्दाबाहेर जायचं नाही," दिगू म्हणाला. भिकाजीला बोलावून त्याच्या हातात नारळ दिला. दाराला हळदकुंकू वाहिलं. पोपटाला सांगून ही गोष्ट सगळ्या नातलगांना कळवली. सगळीकडून फुलं आली.

जेवणं झाली. सगळे समाधानाने बसले होते. दिगूने मायेने विचारलं, "आई, तात्या स्वप्नात आणखी काही म्हणाले का गं? जे म्हणाले असतील ते सांग. आम्ही करू."

सगुणाबाईंनी दोघांकडे पाहिलं. वर्षभर जे बोलायचं राहून गेलं होतं ते ओठांवर आलं.

"म्हणाले, पोरांना सांग, दर दिवाळीत चार दिवस येऊन आईपाशी राहा. दोघांनीही. तिला एकटीला करमत नाही."

दिगूने कुमुदकडे पाहिलं. कुमुदने जाळी बंद व्हायला किती वेळ उरलाय ते मनात मोजलं. मग दिगू आईच्या जवळ सरकला आणि तिचा हात हातात घेऊन प्रेमाने म्हणाला,

"आई, स्वप्नं ती. किती मनावर घ्यायची? रात्रीचं जरा हलकं जेवत जा."

तात्पर्य : गेलेल्या माणसाचा शब्द कोणीही मोडत नाही. फक्त त्याने सुतारापुरतंच बोलावं.