सुयुंचूची शाल

शार्शेन पोस्टमनच्या जुन्या मोटारसायकलची फटफट काल्मुर्झाच्या कानात अजून होती. ती वळणावर वाजली की त्याची बायको झुऊराकान पिठाचे हात तसेच घेऊन फाटकाकडे धावायची. शार्शेन लांबूनच ओरडायचा, "सुयुंचू!" म्हणजे गोड बातमी आणलीय, आधी बक्षिसी काढा. ती मोजे, टोपी, हाताला येईल ते द्यायची. लेकीचं लग्न ठरलं ते तिला शार्शेननं सांगितलं. काल्मुर्झाला तिनं सांगितलं. (तोही बाप होता, पण रांगेत मागे.)

आता लेक मॉस्कोत बाळंत व्हायची होती. घरात सुयुंचूची शाल घडी घालून तयार होती. या खेपेला तरी बायकोला गोड बातमी आपण द्यायची, असं काल्मुर्झानं ठरवलं. त्यानं लेकीला गुपचूप कळवलं, "कागद नको. ईमेल कर, माझ्या एकट्याच्या फोनवर."

फोनला रेंज टेकडीवरच मिळे. एका सकाळी तिथं फोन किणकिणला. अक्षरं मुंगीएवढी. शेजारचा जुमाश मेंढ्या चारत होता. त्यानं फोन घेऊन मनातल्या मनात वाचलं आणि तळहात पुढे केला.

"आबा, आधी सुयुंचू."

रीत म्हणजे रीत. काल्मुर्झानं डोक्यावरची टोपी दिली.

"बाळ झालं."

"मुलगा की मुलगी?"

"ती वेगळी बातमी, आबा."

कोट गेला. मुलगी झाली होती.

"आणि माझी लेक? ती बरी आहे ना?"

जुमाशनं पट्ट्याकडे नुसतं पाहिलं.

लेक ठणठणीत होती. काल्मुर्झा एका हातात फोन आणि एका हातात विजार धरून उतारावरून धावत सुटला. आनंदानं डोळे वाहत होते.

झुऊराकाननं अंगणातून पाहिलं. उघड्या डोक्यानं, रडत धावत येणारा म्हातारा त्या गावात एकाच कारणासाठी येतो. तिनं केस सोडले आणि लेकीचं नाव घेऊन असा विलाप मांडला, की शेजारणी तिच्या सुरात सूर मिसळत आल्या. पुरुष फाटकाला टेकून रडू लागले. शार्शेनही आला. लेकीची सगळी पत्रं त्यानंच आणली होती, तो सर्वांत मोठ्यानं रडला.

"सुयुंचू," काल्मुर्झा धापा टाकत म्हणाला.

"दुःखानं डोकं फिरलं बिचाऱ्याचं," एक शेजारीण म्हणाली.

"अगं, नात झाली. पत्र आलंय."

"कुठाय?" झुऊराकाननं विचारलं.

त्यानं फोन पुढे केला. तिनं तो उलटासुलटा केला. "यात पाकीट नाही, शिक्का नाही. मी याच्यावर विश्वास ठेवू?"

शार्शेननं डोळे पुसले, चष्मा चढवला, फोन हातभर लांब धरला आणि इतकी वर्षं वाचायचा त्याच ठसक्यात वाचलं. मुलगी. दोघी सुखरूप. डोळे आजीसारखे.

अंगणात हसणं-रडणं एक झालं. झुऊराकान आत गेली, शाल घेऊन आली आणि शार्शेनच्या हातांवर ठेवली.

"अगं, बातमी मी आणली," काल्मुर्झा विजार सावरत म्हणाला.

"तुम्ही मयत आणलीत," ती म्हणाली. "बातमी यानं आणली."

काल्मुर्झानं शार्शेनकडे पाहिलं. शार्शेननं शालीची घडी नीट केली, काखेत मारली आणि फाटकाबाहेर निघून गेला.