प्रभाकरपंतांचा मका

"यंदा माझा मका वळचणीला टेकणार!" प्रभाकरपंतांनी साऱ्या नौपाड्याला बजावून ठेवलं होतं. कचेरीत साहेबापुढे ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, तो हा कारकून शेतकीचं एक चोपडं अर्धं वाचून लाटसाहेब झाला होता! पानांना नत्र हवं, ते कुजक्या मासळीत. दाण्याला क्षार हवा, तो चुलीच्या राखेत. मग दोन्ही एकत्रच कालवावं, ताकद दुप्पट!

पण ब्राह्मणाच्या परसात मासळी? गोपीनाथशास्त्र्यांना कळलं तर घर वाळीत! त्या आळीत पोटातलं कपट खपायचं, परसातला बोंबील नाही.

म्हणून आळी दुपारची घोरत असताना सगुणा कोळीण मागच्या दाराने पाटी घेऊन आली.

"पंत, खायाला का पुरायला?"

"हळू बोल गं बाई!"

ती गेली. पंतांनी मासळीवर राख ओतली, गरम पाणी घातलं आणि फावड्याने ढवळलं. अहाहा! असा झणका उसळला की डोळ्यांना धारा, घशाला कुलूप! सगळी आळी डोळे चोळत उठली. त्या झणक्यात मासळीचा वास येतोय कुणाला!

शास्त्रीबुवा पुढे, लोक मागे, सगळे धावत आले. पाहतात तो पंत नखशिखांत राखेने माखलेले, ढसढसा रडताहेत. घरात म्हाताऱ्या चंद्रभागाकाकू तापाने पडून होत्याच.

"अरेरे! काकू गेल्या?"

पंतांनी नुसताच हात हलवला. झालं! रडत आलेले लोक आणखी रडू लागले. कुणी तिरडीचे बांबूसुद्धा आणले.

तेवढ्यात काकू डोळे पुसत ओटीवर आल्या. "कोण गेलं रे?"

काकूंची नजर बांबूंवर गेली.

"माझ्यासाठी? हे असले किडके? मोडतील की! मी काय चिमणी आहे?"

लोक बांबू टाकून पळाले! राहिले एकटे शास्त्रीबुवा. त्यांनी काठीने खत उकरलं. बोंबलाचं डोकं वर आलं.

"प्रभाकर!"

"पाया पडतो, शास्त्रीबुवा, वाळीत नका टाकू!"

"अरे गाढवा, राख नि मासळी एकत्र कालवतात का? सगळी ताकद हवेत उडाली! आधी राख, मग पंधरवड्याने मासळी. माझ्या केळी काय उगाच लगडतात?"

पंतांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे सगुणा तुमच्याकडेही..."

"हळू बोल रे बाबा!"

वाळीत टाकणारा हा असा!

पंतांचा मका गुडघ्याला टेकून थांबला. काकू मात्र ठणठणीत झाल्या आणि त्याच किडक्या बांबूंवर त्यांनी पडवळाचा वेल चढवला. तो मात्र वळचणीला टेकला!