चहाचं बटण

उद्या घर स्मार्ट व्हायचं होतं, म्हणून आज ते पार उलटंपालटं झालं होतं. यंत्रं बसवणाऱ्या तंत्रज्ञाने फोनवरच बजावलं होतं, "हॉलची भिंत मोकळी करून ठेवा. नको ती बटणं मी काढून टाकतो." सूनबाई कंबर कसून कामाला लागली होती, आणि आजोबा आपल्या वेताच्या खुर्चीत बसून मागच्या भिंतीवरच्या एका पिवळट बटणावर पहारा देत होते.

ते बटण घर बांधताना त्यांनी स्वतः बसवलं होतं. तेव्हा घर माणसांनी गजबजलेलं. एक हाक मारली की चौघं ओ देत आणि आजीला नेमकं ऐकू जात नसे. म्हणून ही युक्ती. बटण दाबलं की स्वयंपाकघरात बेल आणि थोड्या वेळाने आजी चहा घेऊन हजर. आता चौघं पांगले होते, पण चहा मात्र चुकला नव्हता.

"बाबा, हे बटण जाणार. खुर्चीही. तिथेच नव्या यंत्रांची पेटी बसायचीये."

"बटणाला हात लावायचा नाही! दुसरं काहीही ने."

"मग खुर्ची नेते."

खुर्चीचा वेत लोंबला होता आणि जरा मागे वळलं की ती घरभर कुरकुरायची. "ने बाई," आजोबा उदारपणे म्हणाले. आजी बाजारात गेली होती तेवढ्यात भंगारवाला खुर्ची घेऊनही गेला.

चार वाजता, आजी मागच्या दाराने स्वयंपाकघरात परतल्यावर, आजोबांनी स्टुलावर बसून बटण दाबलं. चहा आला नाही. पुन्हा दाबलं. मग अंगठा दुखेपर्यंत दाबलं. चाळीस वर्षांचा चहा आज बंद पडतो की काय! त्यांनी स्क्रूड्रायव्हर आणून बटण उघडलं. फट्‌कन ठिणगी उडाली, वीज गेली आणि आतल्या खोलीत सूनबाईची ऑफिसची मीटिंग साहेबासकट गडप झाली.

"अहो, काय चाललंय?" आजी स्वयंपाकघरातून धावत आली.

"तुझी बेल बिघडलीये."

"बेल? ती मी पहिल्याच आठवड्यात तोडली. दचकून दुधाचं पातेलं पडलं होतं हातातून."

"मग इतकी वर्षं चहा कसा आणायचीस?"

"बटण दाबायला तुम्ही मागे वळता, तेव्हा खुर्ची कुरकुरते. मी आधण ठेवते. आज कुरकुरली नाही, म्हटलं झोपलात."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"केवढ्या हौसेने बसवलं होतंत! सांगवेना."

आजोबांना भरून आलं. आणि दुसऱ्याच क्षणी खुर्ची आठवली. ते तसेच अनवाणी रस्त्यावर धावले. कोपऱ्यावर भंगारवाल्याच्या गाडीवर खुर्ची चारही पाय वर करून पडली होती.

"आजोबा, मोडकी म्हणून तुम्हीच दिलीत ना?"

"मोडकी नाही रे, तीच तर चालते! बंद होतं ते बटण!"

दुसऱ्या दिवशी पेटी जिन्याखाली गेली. तंत्रज्ञाने पिवळट बटण उपसलं, तेव्हा आजोबांनीच स्क्रूड्रायव्हर पुढे केला. तो खुलून म्हणाला, "आजोबा, आवाजावर चालणारी यंत्रणा देऊ का? नुसता आवाज झाला की काम होतं."

"आमच्याकडे आहे बसवलेली," आजोबा म्हणाले आणि खुर्चीत हळूच मागे वळले.

कुर्र.

"ठेवलंय हो आधण!" आतून आजी म्हणाली.