आठव्या लेव्हलची राखण

घाटंजीच्या नंदकिशोरला व्हिडिओ गेममधली गाड्यांची शर्यत आवडे. त्याची बायको रजनी मात्र उड्या मारत खड्डे ओलांडायच्या खेळावर जीव टाकी.

"तुमची गाडी गोल गोल फिरून पोचते कुठं?" ती विचारी.

"अन् तुह्या बुटक्यानं उड्या मारून कोन्ता दिवा लावला?" तो म्हणे.

शेवटी एक रविवार शर्यत, एक रविवार उड्या, असा तह झाला.

त्या रविवारी उड्यांची पाळी होती. सकाळी सहापासून जोडीनं खेळत दोघं पहिल्यांदाच आठव्या, म्हणजे शेवटच्या लेव्हलला पोचली. दोघांपैकी एकही मेला तर डाव पुन्हा पहिल्यापासून, अशी त्या खेळाची रीत. तेवढ्यात आठ वाजले. शिक्षिका असल्यामुळे रजनीला पोलिओच्या बूथवर हजर व्हायचं होतं. तिनं खेळ होता तिथं थांबवला.

"मी येईपर्यंत हे असंच राह्यलं पाह्यजे. बंद झालं तं सगळं गेलं."

"मी आहो नं," म्हणत नंदकिशोर टीव्हीसमोर खुर्ची टाकून बसला.

दहाला लोडशेडिंग सुरू झालं. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी, म्हणून त्यानं पंखा बंद केला. ऑक्टोबरच्या उकाड्यात बनियन भिजलं. अकराला शेजारच्या रामीबाई मालिका पाहायला आल्या.

"टीव्ही बिघडला," तो म्हणाला.

"चित्र तं दिसून राह्यलं."

"तेच तं. हालतच नाही."

रामीबाईंना दया आली. त्यांनी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या देवीलालला धाडलं. तो पेचकस घेऊन थेट टीव्हीच्या मागं शिरू लागला, तेव्हा नंदकिशोरला कबूल करावं लागलं की बिघाड काहीच नाही. देवीलाल रागानं ओट्यावर जाऊन बसला. ते ऐकून रामीबाईही येऊन बसल्या.

साडेबाराला उकंडाभाऊ आले. त्यांच्या घरात कापसाची गंजी छताला टेकली होती.

"नंदूभाऊ, एक वाजता कापसाच्या भावाची बातमी हाये. माह्या घरी लाइन नाही."

नंदकिशोर दारात आडवा उभा राहिला. "भाऊ, आज नाही जमत."

"काहून?"

"आत रजनीचा माणूस उभा हाये. हलला तं मरते."

उकंडाभाऊंनी एकदा त्याच्याकडे, एकदा टीव्हीकडे पाहिलं आणि तेही ओट्यावर जाऊन बसले.

दोनला रजनी परतली. ओट्यावरची तिन्ही तोंडं पाहून तिनं काय झालं ते विचारलं, आत येऊन रिमोट उचलला आणि एक बटण दाबलं. बातम्या लागल्या.

नंदकिशोर ताडकन उठला. "अवं, गेलं सगळं."

"काही नाही गेलं. खेळाचा डबा चालू पाह्यजे होता, टीव्हीवर कोणी काहीबी पाहो."

एकची भावाची बातमी पुन्हा दाखवत होते; भाव मागच्याच सालचा निघाला. उकंडाभाऊंनी मान हलवली, पण उठलं कोणीच नाही. रजनीनं पुन्हा बटण दाबलं. बुटका जागच्या जागी उभा होता. दोघं सरसावून बसली, आणि घामेजलेल्या अंगठ्यानं नंदकिशोरनं पहिल्याच खड्ड्यात उडी घेतली.

त्याचा गडी मेला आणि डाव संपला.

"आता?" उकंडाभाऊंनी विचारलं.

"आता पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली.

"म्हंजे दुबार पेरणी." उकंडाभाऊ पुढं सरकले आणि त्यांनी हात पसरला. "नंदूभाऊ, ते तुमच्या हातातलं मले द्या. तुमी पंखा लावा."