गुलाबरावांचा आहेर

आमचे साडू दगड चाटतात.

हे मी रागानं म्हणत नाही. ते खरोखरच चाटतात. रस्त्यानं जाताना एखादा दगड नजरेत भरला की खाली वाकतात, उचलतात, सदऱ्याला पुसल्यासारखं करतात आणि चारचौघांत त्याच्यावरून जीभ फिरवतात. मग एक डोळा मिटून तो उन्हात धरतात आणि म्हणतात, "ह्यो साधा न्हाय." त्यांना साधा दगड सापडल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. त्यांच्या मते बारामती तालुक्यात साधं असं काही असेलच, तर तो मी.

नाव गुलाबराव, राहणार पणदरे. त्यांची बायको थोरली, माझी धाकटी, म्हणून आम्ही साडू. जावई पारखून घेता येतो, साडू पदरात पडतो. मी बारामतीत हायस्कुलात गणित शिकवलं, इस्त्रीचे कपडे घातले, चार लोकांत मान राखून निवृत्त झालो. गुलाबरावांनी उभं आयुष्य यारी चालवली. यारी म्हणजे विहीर खोदताना खालचा दगड-मुरूम वर ओढून काढणारी क्रेन. सुरुंग उडाला की विहिरीचा मालक काठावरून पाणी लागलं का बघायचा आणि आमचे साडू ढिगाऱ्यावर चढून गारगोट्या वेचायचे. आपल्याकडच्या काळ्या खडकाच्या पोटात मधूनमधून पोकळ्या असतात. त्यात पांढरे, मधाच्या रंगाचे, क्वचित हिरवट स्फटिक धरलेले असतात. दिसायला बरे असतात, एवढं मी मान्य करतो. पण म्हणून कोणी ते फडताळात ठेवून भांडी अंगणात मांडत नाही.

गुलाबरावांनी मांडली होती. त्यांच्या घरी गेलं की आधी खुर्चीवरचा दगड उचलायचा, मग तो ठेवायला जागा शोधायची. ती सापडेपर्यंत पाहुणा उभाच. एकदा मी वैतागून एक गोळा खिडकीत उलटा ठेवला, तर गुलाबराव धावत आले. "आवं पावणं, त्येला त्वांडावर कशापायी निजवलं?" दगडाला तोंड असतं ही माहिती मला पंचावन्नाव्या वर्षी मिळाली.

चाटता कशाला, असं मी एकदा स्पष्ट विचारलं.

"वला केल्याबिगर दगडाचा रंग कळत न्हाय."

"मग पाण्यात बुडवा की."

"पानी काय खिशात घिऊन हिंडू व्हय? आन् हाडाचा दगड झाल्याला आसंल ना, तर त्यो जिभंला चिकटतो. साधा चिकटत न्हाय."

म्हणजे हा गृहस्थ नुसते दगड नव्हे, हाडंही तोंडात घालतो. त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्याकडे चहा घेतला नाही.

या हाडांवरूनच लोणी भापकरला त्यांच्यावर मार खायचा प्रसंग आला होता. तिकडे कऱ्हेच्या काठी, पुरानं कातरलेल्या दरडीत त्यांना एक जुनं हाड सापडलं. चांगलं हातभर लांब आणि पार दगड झालेलं. खाली चिकटलेल्या धोंड्यासकट मोटारसायकलवर पेलेना, म्हणून ओळखीच्या एका घरासमोर लिंबाखाली उभं करून ठेवलं आणि हे पणदऱ्याला आले. आठ दिवसांनी टेम्पो घेऊन गेले तर हाडाला शेंदूर, पुढं फुटका नारळ आणि उदबत्त्यांची राख. माणसानं तिथून गपगुमान परत यावं की नाही? यांनी हात जोडून बसलेल्या म्हाताऱ्याला शहाणपण शिकवलं.

"आबा, देव न्हाय ह्यो. बैलाची मांडी हाय. लई जुना बैल हाय."

म्हातारा म्हणाला, "तुमाला बैल आसंल. आमच्या म्हशीला तीन वर्सं नुसतं रेडंच व्हत व्हतं. नवस बोललो आन् परवा रेडी झाली."

तरी गुलाबराव ओलं फडकं घेऊन शेंदूर पुसायला पुढं झाले. बायाबापड्या मध्ये पडल्या म्हणून हातपाय शाबूत राहिले. तो बैल अजून तिथंच आहे. आता त्याच्यावर पत्र्याची शेड झाली आहे.

दुसरा कोणी असता तर शहाणा झाला असता. हे माझ्या शाळेत आले. पोरांना ज्ञान द्यायचं म्हणाले. हेडमास्तरांना हौस, त्यांनी सातवीचा वर्ग दिला. गुलाबरावांनी गोणपाटातून दगड काढून टेबलावर मांडले आणि सुरुवातीलाच सगळ्या वर्गासमोर एक चाटला. मी दाराशी उभा होतो. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. पोरं मात्र हरखून गेली. तासभर एकानं हू की चू केलं नाही. माझ्या तासाला हीच पोरं बाकाखाली शेंगा खायची. मधल्या सुट्टीत सगळा वर्ग मैदानात खडे चाटत होता. दुसऱ्या दिवशी आया तक्रार घेऊन आल्या, त्या थेट माझ्याकडे, कारण साडू माझे.

बायकोवरही त्यांनी ज्ञानाचा प्रयोग केला. बारामतीच्या एका सोनाराच्या मागे लागून त्यांनी दोन गारगोट्या घासून घेतल्या आणि थोरलीला कानातली करून दिली. एकेक सुपारीएवढी. ती घालून थोरली हळदीकुंकवाला गेली, तर बायकांनी विचारलं, "ह्ये काय औषधाचं हाय का?" घरी येऊन तिनं ती कानातून काढली आणि म्हणाली, "आईबापानं एक धोंडा गळ्यात बांधलाच हाय. आता कानात आनिक दोन कशाला?" मला थोरलीचं बोलणं नेहमीच पटत आलं आहे.

पण खरा उपद्रव लग्नांचा. आमच्याकडे आहेर माइकवरून पुकारतात. कुणी टॉवेल-टोपी, कुणी साडी, कुणी भांडं. गुलाबराव दगड देतात. नुसता देत नाहीत, माइक हातात घेऊन त्याची हकिगत सांगतात. आमच्या मेव्हण्याच्या लग्नात पंगत खोळंबली, अक्षता टाकून लोक उपाशी उभे, आणि हे सांगत होते की जमिनीतून तापलेला रस कसा आला, तो कसा थिजला, त्यात बुडबुडे कसे राहिले. मग नवरीच्या बापाच्या हातात त्यांनी तो गोळा दिला. नवरीकडच्यांनी घेतला अर्थ वेगळा. भर मांडवात आमच्या हातात धोंडा दिला म्हणून चुलते रुसले आणि जेवायला बसेनात. त्यांची समजूत काढायला मी आणि आमचे सासरे दोन तास खपत होतो. गुलाबराव तेवढ्या वेळात कार्यालयामागच्या नाल्यात उतरून आणखी चार दगड घेऊन आले.

म्हणून माझ्या मुलीचं, सायलीचं लग्न ठरलं तेव्हा मी पत्रिकेतच छापलं, 'कृपया आहेर आणू नयेत.' ही ओळ मी एका माणसासाठी छापली होती. व्याही इंदापूरचे. हायवेला दुकान, घरात थाट, बोलण्यात तोरा. सोयरीक मोठ्या मुश्किलीनं जुळली होती.

पत्रिका द्यायला मी स्वतः पणदऱ्याला गेलो. गुलाबरावांनी ती दोनदा वाचली.

"आहेराचं ह्ये बाकीच्यांसाठी आसंल," ते म्हणाले. "आपल्या घरच्यांना न्हाय."

आणि आत जाऊन त्यांनी फडक्यात बांधलेला एक दगड आणला. पेरूएवढा, करडा, खडबडीत. रूपाचं नाव नाही. त्यांनी तो माझ्या कानाशी धरला आणि हलवला. आत खुळ्कन पाणी वाजलं.

"ह्यो सायलीचा," ते म्हणाले.

सायली आठ वर्षांची असताना सुट्टीत त्यांच्याकडे राहिली होती. गुलाबरावांना मूलबाळ नाही, त्यामुळे सुट्टी लागली की ते तिला न्यायला यायचे. ती त्यांना आबा म्हणायची. पोर उन्हात काळी पडते म्हणून मी कुरकुरायचो. एका विहिरीवर यारी चालू होती. ऐंशी फूट गेले तरी खाली धूळच. मालक डोकं धरून बसला होता. ढिगाऱ्यावर खेळताना सायलीनं हा दगड उचलला, हलवला आणि ओरडली, "आबा, यात पाणी आहे!"

"आख्ख्या हिरीला लागलं न्हाय ते पोरीच्या मुठीत घावलं," गुलाबराव म्हणाले. "लाखो वर्सांचं कोंडल्यालं पानी हाय ते. लोक म्हनायचे फोडा, बघू आत काय हाय. म्या फोडू दिला न्हाय. तवाच ठरावलं, तिच्या लग्नात तिच्या हातात द्यायचा. माइकवर जास्त बोलत न्हाय म्या. तिनं कसा वळखला, तेवढंच सांगतो."

पुढं सायलीनं दगडमातीचंच शिक्षण घ्यायचं खूळ घेतलं होतं. मी तिला फार्मसीला घातलं. ते खूळ कुठून आलं हे मला माहीत होतं आणि तो राग माझ्या पोटात होताच. मी सरळ सांगितलं, "गुलाबराव, दगड आणायचा नाही. इंदापूरची माणसं आहेत. तुम्ही तिथं हे असलं काही हातात दिलंत तर पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागेल. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

थोरली आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. 

गुलाबरावांनी दगड पुन्हा फडक्यात बांधला. गाठ मारायला त्यांना बराच वेळ लागला. मग खाली बघतच त्यांनी विचारलं, "लग्नाला येऊ न्हवं आमी?"

"या की. असं कसं बोलता?" मी म्हणालो. "फक्त जरा माणसासारखे या."

हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

लग्नाला गुलाबराव माणसासारखे आले. दाढी घोटलेली, नवी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा. बगलेत चकचकीत कागदात बांधलेला खोका. पत्रिकेतली ओळ कुणीच मानली नव्हती, आहेर चालूच होते. माइकवर पुकारलं, "पणदऱ्याचे गुलाबराव यांच्याकडून मिक्सर." मी सुटकेचा श्वास सोडला. कार्यालयाच्या आवारात नवी खडी पसरली होती. त्यांनी वाकूनही बघितलं नाही. मागच्या रांगेत गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले, पंगतीला बोलावलं तेव्हा उठले, वाढलं तेवढं जेवले. व्याह्यांनी मला विचारलंसुद्धा, "ते तुमचे साडू का? मोठे शांत गृहस्थ आहेत." माझी छाती फुगली. एवढ्या वर्षांत त्यांच्यामुळं ती पहिल्यांदाच फुगली असेल.

पाठवणीच्या वेळी सायली एकेकाच्या पाया पडत रडत होती. गुलाबरावांच्या पाया पडली आणि उठताना तिनं डोळे पुसत विचारलं, "आबा, माझा दगड?"

मी दोन हातांच्या अंतरावर होतो, गाडीत नारळांची पिशवी ठेवत. माझे हात थांबले. आता हा माणूस सगळं सांगणार, व्याह्यांसमोर, आणि त्याला तसा पूर्ण हक्क होता.

"त्यो व्हय?" गुलाबराव म्हणाले. "फुटला की गं. गेल्या साली फडताळातनं काढताना पडला हातनं. पानी समदं सांडून गेलं."

"आबा!" सायली रडता रडता चिडली. "एवढी वर्षं सांभाळलात आणि शेवटी फोडलात?"

"म्हातारा झालो न्हवं का," ते म्हणाले. "मिक्सर दिलाय बघ. दोन वर्सांची ग्यारंटी हाय त्येला."

ती रुसल्यासारखी त्यांच्याकडे बघत गाडीत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी अजून सुरूही झाली नव्हती. थांब, खोटं बोलतायत ते, एवढंच म्हणायचं होतं. पण शेजारी व्याही उभे होते, आणि मी नारळांच्या पिशवीला गाठ मारत राहिलो.

गुलाबराव डाव्या हातानं तिला निरोप देत होते. उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता आणि तो खिसा पेरूएवढा फुगलेला होता. गाडी आवारातून बाहेर पडून हायवेला लागेपर्यंत त्यांनी तो हात बाहेर काढला नाही, आणि मीही त्यांना काढा म्हणालो नाही.